तिखट चाखणारी माणसं

मानपाड्याला आमच्या मसाल्याच्या कंपनीत आम्ही पाच जण दिवसभर तिखट चाखतो आणि त्याचा पगार घेतो. अशा ठिकाणी किस्से साठणार नाहीत तर काय होणार! पण आईच्या दुखण्यापासून हे सांगताना हसूही येतं आणि डोळेही भरतात.

*

नवीन लागलेले तेव्हा पहिल्याच चमच्याला मी ढसाढसा रडले. आमचे साहेब जोशीकाका दुधाचा ग्लास पुढे करत म्हणाले, "रड बिनधास्त. थोड्या दिवसांनी हेच बोटाने चाटशील!"

आणि खरंच, पुढे काही लागेचना. काका म्हणाले, "तिखट तेवढंच आहे गं. जिभेतल्या नसांची टोकं बोंबलून बोंबलून दमली."

*

एकदा काकांनीच घाईत सलग नमुने चाखले, "फिक्कं आहे" म्हणाले आणि मिरची वाढवायला लावली. ठाण्याच्या गिऱ्हाईकाने एक चमचा तोंडात टाकला आणि थेट बेसिन गाठलं! तेव्हापासून काकांच्या "फिक्कं"वर कुणी विश्वास ठेवत नाही.

*

आमच्या ऑफिसातल्या प्राचीला बघायला आले तेव्हा पोहे तिनेच केलेले. चव घेतली, सपक वाटले, म्हणून अजून चार मिरच्या! मुलाचे कान लालबुंद, शर्ट घामाने भिजलेला. पण पठ्ठ्याने प्लेट संपवली आणि म्हणाला, "अजून मिळतील?"

लग्न झालं. आता स्वयंपाक तोच करतो.

*

आईची नागीण बरी झाली, पण बरगडीवरची आग राहिली. पदर लागला तरी कळवळायची. मला जवळसुद्धा येऊ देत नसे. डॉक्टरांनी मिरचीच्या अर्काचं मलम दिलं. पहिल्याच दिवशी ती किंचाळली, "अगं, मला काय मॅरिनेट करतेस?" आणि मलम टाकून द्यायला निघाली.

रविवारी जोशीकाका कोपरला आमच्या घरी आले. "वहिनी, ही पण सुरुवातीला रडलेली. तिथल्या नसा दमेपर्यंत कळ काढा. आम्ही आहोत ना!"

तेव्हापासून मलमाच्या वेळेला रोज ऑफिसातल्या कुणाचा तरी फोन यायचा. आग शमेपर्यंत आईला बोलण्यात गुंतवायचे. कसे उपकार फेडायचे यांचे!

एका संध्याकाळी मलम लावलं, हात धुतले आणि नेहमीसारखी लांब खुर्चीत बसले. आई फोनवर प्राचीला म्हणाली, "थांब गं जरा."

मग माझ्याकडे वळली. "पाहुणी आहेस का तू? इकडे ये. मला टेकून बस."