तानीचा पट्टा

टीव्हीच्या रिमोटला सेल नव्हते, म्हणून मी म्हशीच्या गळ्यातल्या पट्ट्याचे काढले. या उद्योगाबद्दल मुलीनं मला भरपूर सुनावलं... पण त्या सेलमुळंच मी आज छातीठोकपणे सांगू शकतो, की पट्टा बंद होता.

मी हायस्कूलात गणित शिकवतो. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी चहा सांगायला उठतो. पण हे माझ्याच घरात घडलं — कोल्हापूर, मंगळवार पेठ, गेल्या हिवाळ्यात.

मुलगी मृणाल, बायोटेकमध्ये एमएस्सी. तिला परदेशात पीएचडी करायची होती. विषय जीवशास्त्रच, पण काम सगळं कॉम्प्युटरवर. डेटाच्या ढिगातून जनावराची तब्येत ओळखायची. जागा एकच, इंटरव्ह्यू ऑनलाइन. दाखवायला तिनं घरचाच प्रयोग केला होता. परसातल्या आमच्या चार म्हशींच्या गळ्यात सेन्सरचे पट्टे. कोण किती वेळ रवंथ करते, ते लॅपटॉपवर उमटायचं.

इंटरव्ह्यूच्या पंधरवडाभर आधी आम्ही तानी म्हैस हुपरीच्या मेहुण्याला दिली. त्याच्या घरी दुभतं नव्हतं. पट्टा मी कपाटात ठेवला, सेल रिमोटात.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मृणालनं हाक मारली. तानी गेल्यानंतरचे सहा दिवस तिच्या नावावर रवंथाच्या नोंदी होत्या. वेळाही तिच्याच — सकाळची धार झाल्यावर, मग दुपारी दोनला. सातव्या दिवसापासून शून्य.

मी कपाट उघडलं. पट्टा तिथंच, सेलची जागा रिकामी. दुसऱ्या म्हशीचं उमटलं असेल म्हटलं, तर तिघींचे आकडे वेगळे. शेवटी हुपरीला फोन लावला. मेहुणा आधी आढेवेढे घेत होता.

"दाजी, सांगणार नव्हतो. सहा दिवस तोंडात काडी घेतली न्हाई हिनं. डॉक्टर दोनदा येऊन गेला. सातव्या दिवशी आपणहून खायला लागली."

मी फोन ठेवला आणि मृणालला म्हटलं, ते सहा दिवस काढून टाक, कोण विचारतंय.

"बाबा, उत्तर येत न्हाय म्हणून गणितच खोडायचं, असं शिकवता व्हय वर्गात?"



इंटरव्ह्यूत तिनं ते सहा दिवस दाखवले, काय काय तपासलं ते सांगितलं, आणि कारण माहीत नाही म्हणाली. पलीकडच्या प्रोफेसरबाईंनी त्यावर एकही प्रश्न न विचारता पुढचा विषय काढला. दाराआड उभा राहून मी ठरवून टाकलं — जागा गेली.

तीन आठवड्यांनी मेल आला. निवड झाली होती.

त्या नोंदी का आल्या, हे मृणालला अजून सापडलेलं नाही. मी तर वायरी, वेळा, आकडे... सगळं तीनदा मांडून बघितलं. हाती काही लागलं नाही.

यातलं काही बायकोला कुणी सांगितलंच नव्हतं. धारा तीच काढते, पण तिला विचारतो कोण! पेढे वाटून झाल्यावर मी सगळी हकीकत सांगितली.

"सहा दिवस तानीच्या जागेवर मी वैरण टाकत हुतो," ती म्हणाली. "हात जायचाच. सातव्या दिवशी मन घट्ट करून बंद केली."

मग मृणालच्या खोलीकडं बघत म्हणाली, "आता हिचं ताट किती दिवस मांडायचं, तेवढं सांगा."