विहिरीतले दाणे कापसात

वर्ध्याच्या स्टँडवरून देवळीची गाडी सुटली तेव्हा मला निवृत्त होऊन वर्षही झाले नव्हते. ऐंशीनंतरच्या दशकातली ही गोष्ट. देवळीच्या पुढे एका खेड्यात वामनराव नावाचे शेतकरी राहत. त्यांच्यावर बसलेला भेसळीचा ठपका मला पुसायचा होता, कारण ती भेसळ माझ्या हातची होती.

डासांचा बंदोबस्त ही माझी नोकरी. थर्माकोलचे साखरेएवढे दाणे आम्ही उकळत्या पाण्यात टाकायचो. ते साबुदाण्यासारखे फुगत. पडीक विहिरीत ओतले की पाण्यावर सायीसारखा थर धरे आणि खालच्या अळ्या गुदमरत. वामनरावांच्या शेतालगतच्या विहिरीत दाणे मीच ओतले होते. मागच्या हिवाळ्यात त्यांची कापसाची बंडी (बैलगाडी) कापूस खरेदी केंद्रावरून परत गेली. कापसात पांढरे दाणे निघाले होते. मी ऐकले, ओळखले आणि गप्प बसलो.

देवळीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. वाट न पाहता मी चालू लागलो. दोन्ही बाजूंना बोंडे फुटली होती. पुढे एक ट्रक भेटला, त्याने गावाच्या फाट्यावर सोडले.

वामनराव शेतातच होते. मी सगळे सांगितले. ते मला विहिरीकडे घेऊन गेले. काठ ढासळलेला. नाल्याचा पूर आत शिरला आणि दाण्यांचा थर उचलून शेतभर पसरून गेला, हे सांगावे लागले नाही. वाळलेले दाणे वाऱ्याने उडत होते आणि उघड्या बोंडांना चिकटत होते. मी एक झटकला. तो माझ्या बाहीला चिकटला.

त्यांच्या पत्नी कौसल्याबाई कापूस वेचता वेचता दाणे निवडत होत्या.

"सीतादई केली तवा (वेचणीआधी शेतात दहीभात ठेवतात) भात इथंच ठेवला होता," त्या म्हणाल्या. "भात पाखरायनं खाल्ला. तुमचे दाणे तसेच हायेत."

"डास तरी कमी झाले का?" मी विचारले.

"झाले ना. खोटं काऊन बोलू? पण डासानं कवा आमची बंडी वापस नाई पाठवली."

जेवायला भाकर आणि सोल्याची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी होती. कौसल्याबाईंनी मला दुसऱ्यांदाही वाढले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंडीवर बसून केंद्रावर गेलो. बंड्यांची रांग लागली होती. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने बंडीत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. तळव्याला एक दाणा होता.

"याही साली तेच काय, वामनराव?"

मी खाली उतरलो. रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तो दाणा त्यांचा नाही. विहिरीत मी टाकला होता. पुराने शेतात आला. मागच्या सालचेही माझेच होते."

"मंग या साहेबालेच चढवा ना काट्यावर," कोणीतरी म्हणाले. रांग हसली. ग्रेडर हसला नाही.

"मागच्या सालीच काऊन नाई सांगितलं?"

"नोकरी होती. भ्यालो."

त्याने आणखी दोनदा हात घातला, दाणा नखाने उडवला आणि बंडी आत घ्यायला सांगितले. वामनराव धुरीवर (बंडीच्या पुढच्या दांड्यावर) उभे राहिले आणि मागे वळले. "आयकलं का रे सगळ्याईनं?"

आता कोणी हसले नाही.

परतताना त्यांनी मला फाट्यापर्यंत सोडले. "साहेब, अशा इहिरी किती केल्या तुमी?"

"बऱ्याच."

"मंग तिकडच्या बंड्याईचं?"

गाडीत मी त्याचाच विचार करत होतो. डास कमी झाले, तेही खरे आहे आणि लिहून ठेवायला हवे. पण आम्ही विहिरीचा विचार केला, पावसाचा केला नाही. भात कुजतो, बोंड कुजते, दाणा कुजत नाही. एका माणसाचे नाव चार वाक्यांत धुऊन निघाले. शेत तेवढ्याने निघणार नव्हते.

वर्ध्याला उतरल्यावर रोहण्याकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी केली. सकाळची होती. त्या बाजूच्या विहिरींतही मी दाणे ओतले होते आणि त्यांचे काठ अजून धड होते.

पाण्यावरचे दाणे गाळून काढायचे म्हणून घरी पत्नीकडे गव्हाची चाळणी मागितली.

"इहिरीत घालता? मंग ती वापस नका आणू."

मी चाळणी पिशवीत ठेवली आणि ती विहिरीत सोडायला दोरी शोधू लागलो.