विजूभाऊंचा आकडा

विजूभाऊ गेल्याचं मला आमच्या शेतीच्या प्रश्नोत्तरांच्या फोरमवर कळलं. शाळेत निघण्याआधी चहा घेता घेता मी तिथे डोकावते, नवे प्रश्न पाहते. त्या दिवशी सगळ्यात वर कुणीतरी लिहिलं होतं, 'विजूभाऊ नाही राहिले', आणि खाली फोरमने नेहमीची ओळ जोडली होती: 'या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही.' त्या ओळीचा मला इतका संताप आला... रडू त्यानंतर आलं.

भाऊ पांढुर्ण्याचे, शेती खात्यातून निवृत्त झालेले. संत्र्याला, कपाशीला कोणतं औषध किती फवारायचं, याचा हिशोब करणारं छोटं सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं आणि फुकट, उघडं सोडून दिलं. ज्याला हवं त्याने वापरावं, बदलावं. मी सौंसरला शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून त्यात ओढली गेले. तिसरा रामाकोन्याचा प्रकाश, स्वतःची संत्र्याची बाग असलेला, भाऊंना देव मानणारा. माणसं वाढली तसे प्रश्न वाढले. मोबाइलच्या ग्रुपवर बरोबर उत्तर वाहून जाई आणि चुकीचं मात्र तिगावहून बोरगावपर्यंत फिरत राही. तेव्हा फोरम हवा, पण कोणता, यावर आम्ही तिघं भाऊंच्या घरी बसलो. प्रकाशला ग्रुपच बरा वाटत होता. मी एका कंपनीचा आयता, देखणा फोरम सुचवला. कंपनीने उद्या दुकान बंद केलं तर आपली उत्तरं गेली, म्हणून भाऊंनी तो मोडीत काढला. त्यांनी निवडला तो दिसायला गबाळा, पण आपल्याच सर्व्हरवर चालणारा, आणि त्यात कुणाचंही उत्तर कुणालाही दुरुस्त करता येत होतं. "ताई, माह्यं चुकलं त मले कोन सांगन?" ते म्हणाले. "तोंडावर त कोनी बोलत नाही. इथं तरी खोडतीन." मी हसले. ते हसले नाहीत.

आमच्याकडे वडीलधाऱ्याची चूक चारचौघांत काढत नाहीत. बाजूला घेऊन, चहा पाजून, आडून आडून सांगतात. फोरमवरही तेच झालं. भाऊंचं उत्तर पटलं नाही तर लोक हळूच फोन करत, मग भाऊ स्वतः जाऊन ते बदलत. त्यांच्या उत्तराखालचं दुरुस्तीचं बटण कुणी कधी दाबलंच नाही. भाऊ चिडत. "अरे, मी का अमरपट्टा बांधून आलो काय?" म्हणत.

दवाखान्यातही मोबाइल सुटला नाही. सलाइन लावलेल्या हाताने ते उत्तरं टाइप करत. वहिनी रागावत. मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, "काहून करून राहिले भाऊ हे आता?" तर म्हणाले, "लोकं वाट पाहून राहिले ना, ताई." ती आमची शेवटची भेट.

ते गेल्यावर मी त्यांची अखेरची उत्तरं वाचायला बसले... आणि शेवटच्या उत्तराशी थांबले. एका नव्या औषधाबद्दल होतं, सॉफ्टवेअरमध्ये अजून न घातलेल्या. पाठीवरच्या एका पंपभर पाण्याला अडीच मिली हवं तिथे पंचवीस पडलं होतं. २.५ मधलं टिंब राहून गेलं असावं. बाटलीवरचा कागद पाहिला, जाणकारांना विचारलं, शंका उरली नाही. पंचवीस हा इतर औषधांचा नेहमीचा आकडा, डोळ्यांना खटकतसुद्धा नाही. दहापट औषधाने बाग करपेलच, पण पंप पाठीवर घेणाऱ्याचं काय होईल? त्या उत्तराखाली लोकांनी फुलं वाहिली होती, हात जोडले होते. भाऊंचे शेवटचे शब्द म्हणून ते पुढे पुढे पाठवलं जात होतं.

मी बटण दाबलं, अडीच केलं, कारण लिहिलं. संध्याकाळी पाहते तर पुन्हा पंचवीस. परत बदललं, परत पंचवीस. वेगळा इशारा लिहिला, तर खाली प्रश्न आला, 'तुम्ही काय भाऊंपेक्षा शहाण्या?' उत्तराला कुलूप घालायचा अधिकार एकट्या भाऊंच्या खात्याला होता आणि सर्व्हरही त्यांच्याच ताब्यात; त्यांचा पासवर्ड वहिनींनाही ठाऊक नव्हता. आकडा फिरवणाऱ्याचं नाव मात्र तिथे दिसतं. प्रकाश.

मी त्याला फोन लावला.

"माणूस जाऊन महिना नाही झाला अन् तुमी त्याची चूक काढून राहिल्या, ताई?"

"प्रकाश, बाटली वाच."

"बाटली कंपनीची हाय. भाऊ आपले हाय." मग म्हणाला, "पटत नसन त मीच करून दाखवतो. पंप भरूनच राहिलो."

मी येईपर्यंत थांब म्हटलं, तर त्याने फोन ठेवला. सौंसरहून रामाकोना काही लांब नाही, तरी मी पोचले तेव्हा तो बांधावर आडवा पडला होता, तोंडाला फेस होता आणि त्याची बायको त्याच्या अंगावर पाणी ओतत होती. जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर तो मला पहिलं वाक्य बोलला ते हे, "वारा उलटा होता, ताई. आकडा बरोबर हाय."

भाऊ ज्या खोलीत बसून उत्तरं लिहीत, तिथे वहिनी आता मला बसवतात, चहा आणून देतात. त्यांच्या खुर्चीत बसून मी रोज तो आकडा पाहते, पंचवीस असला तर अडीच करते. प्रकाश अजून दवाखान्यात आहे, त्याच्या हातात मोबाइल नाही. तरीही आज संध्याकाळी फोरमवर पुन्हा पंचवीस होतं. या वेळचं नाव माझ्या ओळखीचं नाही.