पन्नासच्या पुढच्या बैठका

मष्णूसर पोरांना सोडून मैदानाबाहेर जात नाहीत, हे बोरगावकडच्या त्या हायस्कुलात सगळ्यांना ठाऊक होतं. हेडमास्तरांचं बोलावणं आलं तरी ते भावकू शिपायाला सांगत, "पोरं घरला गेली की येतो म्हणावं." भावकू पोरांना म्हणे, "तुमचा सर म्हंजे वेशीवरचा देव. जागचा हलत न्हाय." पोरं हसत. मष्णूही हसे, पण पोरांकडे पाठ करत नसे.

तो खानापूरकडच्या शेतकरी घरातला, तालमीत वाढलेला. तालमीचा कायदा एकच: वस्ताद 'पुरे' म्हणेपर्यंत बैठक थांबवायची नाही. पुढं त्यानं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. वजन किती वाढवावं, स्नायूंना विश्रांती किती द्यावी, हे पुस्तकातून शिकला. कायदा मात्र तालमीचाच राहिला.

जागचा न हलणारा मात्र तो आधीपासून नव्हता. १४ जुलै २०२२, गुरुवार. चार वाजायला दहा मिनिटं होती. वजन उचलणाऱ्या मुलींना त्यानं सामानाच्या खोलीमागं बैठकांना लावलं. तेवढ्यात भावकू बोलवायला आला, तालुक्याचे साहेब तपासणीला आले होते. "मी येईपर्यंत कुणी थांबायचं न्हाय," असं सांगून मष्णू ऑफिसात गेला. रजिस्टरं झाली, चहा झाला, साहेबांना कुस्तीची आवड, म्हणून गप्पा रंगल्या. पोरी त्याच्या डोक्यातून साफ गेल्या. तो परतला तेव्हा साडेचार झाले होते. सगळ्या मुली भिंतीला टेकून बसलेल्या. दहावीतली तेजस्वी तेवढी चालूच होती. पाय थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते.

"पुरे," तो तिला म्हणाला. मग बाकीच्यांकडे वळला. "हिच्याकडं बघा आणि जरा लाजा."



दुसऱ्या दिवशी तेजस्वीच्या मांड्या दगडासारख्या घट्ट झाल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. लाजेनं ती बोलली नाही. कपड्यावरचा डाग बघून तिची आई नागुबाई समजली, पाळी आली असेल. रीतीप्रमाणं तिनं लेकीला तीन दिवस बाजूला बसवलं. चौथ्या दिवशी बेळगावच्या दवाखान्यात नेलं, तोवर बैठकांनी फुटलेल्या स्नायूंचं विष उतरून मूत्रपिंडं बंद पडली होती. मंगळवारी, १९ तारखेला, तेजस्वी गेली.

चौकशीत मष्णूनं लिहून दिलं की पन्नास बैठका सांगितल्या होत्या, मुलीनं आपणहून जास्त काढल्या. हेडमास्तरांनी कागद फाइलीला लावला. बाकीच्या मुलींना कुणी काही विचारलंच नाही. त्या यथावकाश पास होऊन गेल्या.

तेव्हापासून रोज चारला दहा कमी असताना सामानाच्या खोलीमागून आवाज येई. टाचा जमिनीला टेकल्याचा, आणि दोन आवाजांच्या मधे एक ओढलेला श्वास. मागं जाऊन बघावं तर नुसतं गवत. एकदा त्यानं भावकूला विचारलं, "कोण हाय रं तिकडं?" भावकू म्हणाला, "कोणबी न्हाय, सर." तरी दुसऱ्या दिवसापासून भावकू त्या बाजूनं जायचा बंद झाला. घरी जेवताना मष्णूचे ओठ मोजल्यासारखे हलत. बायको माधवी म्हणे, "निदान ताटावर बसल्यावर तरी आकडे नकोत." आकडे कुठले, हे तिनं कधी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. यंदा नववीतल्या सुविधाला त्यानं खांद्यावर नुसती दांडी देऊन वीस बैठका सांगितल्या. वीस झाल्या, पंचवीस झाल्या.

"सुविधा, पुरे."

ती थांबेना. चाळिसाव्याला त्यानं दांडी हातानं उचलून घेतली. "कान फुटले का गं तुझे?"

ती धापा टाकत हसली. "तेजस्वीआक्कासारखं व्हायचंय, सर."

"म्हंजे कसं?"

"तुमी पन्नास सांगितल्या, तिनं हजार काढल्या. समद्यांना ठाऊक हाय. रोज आमी त्या जागेला पाया पडूनच सुरू करतो." तिनं सामानाच्या खोलीमागं बोट दाखवलं.

मष्णूनं दांडी खाली ठेवली. आपण एका कागदावर लिहिलेलं खोटं या पोरींनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं होतं, आणि आता एक एक जण त्याच्या मागून चालली होती.

"मी पन्नास सांगितल्या न्हवत्या," तो म्हणाला. "मी येईपर्यंत थांबू नका म्हटलं, आणि आत चहा पीत बसलो. विसरलो तिला."

 सुविधानं विचारलं, "म्हंजे तुमी असता तर ती थांबली असती?"

"व्हय."

पोरींच्या तोंडून कळण्याआधी आपणच सांगावं, म्हणून तो मैदान रिकामं होताच नागुबाईच्या दारात गेला. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. उंबऱ्यात उभं राहूनच त्यानं सगळं सांगितलं. तिची बोटं थांबली.

"दोन वर्सं मी पोरीलाच बोल लावला," ती म्हणाली. "सरांनी पन्नास सांगितल्या तर पन्नासच का काढली न्हाईस, म्हणून. रोज सांजवात लावताना भांडले तिच्यासंगं. आणि तिनं तर तुमचं ऐकलंतं."

"आक्का, माझं चुकलं."

"माझंबी चुकलं, बाजूला बसवलं ते. पण ते कागदावर न्हाय. कागदावर तिचं चुकलंय." तिनं सूप खाली ठेवलं, आत जाऊन धाकट्याची वही आणि पेन आणलं, आणि त्याच्या हातात दिलं. "ल्ह्या."

"हे शाळेत दिलं तर माझी नोकरी जाईल."

"जाईल," ती म्हणाली.

तो उंबऱ्यावर बसला आणि लिहू लागला. तारीख, वार, वेळ. साहेब, चहा, गप्पा. साडेचार. नागुबाई शेजारी उभी राहून प्रत्येक ओळ वाचायला लावत होती. 'मुलीने एकूण' इथपर्यंत पेन आलं आणि थांबलं.

"पुढं?"

"किती काढल्या ते ठाऊक न्हाय, आक्का. हजार पोरी म्हणतात. मोजल्या कुणीच न्हाईत."

नागुबाईनं त्या अर्ध्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग तेबी ल्ह्या," ती म्हणाली.