आगळाच्या बाटल्यांमधली वाईन

मामा जहाजावर खलाशी होता. त्यानं बाबांसाठी परदेशातून लाल वाईनची बाटली आणली. तिथे उभ्या डोंगराला दगडी बांध घालून जुन्या लोकांनी पायऱ्यापायऱ्यांचे मळे केलेत, द्राक्षं अजून पाठीवरच्या टोपल्यांतून उतरवतात, असं तो सांगत होता. "रमसारखी घसो जाळना नाय, भावजी. अलगद उतरता."

बाबांची गिरणी संपात गेली होती. दोन वर्षं ते घरी होते. अंधेरीच्या एका कंपनीतले साहेब त्यांच्या नोकरीसाठी शब्द टाकणार होते, म्हणून त्यांना रविवारी आमच्या घाटकोपरच्या खोलीवर जेवायला बोलावलं. जेवण झालं की ती बाटली काढायची, असा बाबांचा बेत. पण आईला घरात दारू चालत नसे. मग बाबांनी लेबल भिजवून काढलं, बूच उघडून वास घेतला आणि बाटली आईच्या कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांत नेऊन ठेवली. गावाहून तो लालभडक रस रमच्या जुन्या बाटल्यांतूनच यायचा, कोणाला कळणार? ही हुशारी त्यांनी फक्त मला सांगितली.

रविवारी आईला सणकून सर्दी झालेली, कसलाच वास येत नव्हता. तिनं नारळाचं दूध काढलं आणि हाताला लागली ती बाटली त्यात ओतली. मी बर्फ घेऊन आले तेव्हा साहेब पानावर बसले होते, आणि त्यांच्या वाटीत सोलकढी नव्हे, फरशी पुसून पिळलेलं पाणी होतं. मळकट जांभळं, फाटलेलं.

साहेबांनी घोट घेतला आणि परत वाटीतच थुंकला. हनुवटीवरून लाळ ओघळली. मला शिसारी आली. पण खरी किळस पुढे होती.

बाबांना सगळं कळलं. घरात मालवणी बोलणारा माणूस एकदम शुद्ध बोलू लागला. "माफ करा साहेब. आमची बायको अडाणी आहे. गावची ना! घरात काय कुठे ठेवलंय, तेसुद्धा तिला समजत नाही."

"चालायचंच हो, बायका!" साहेब फिदीफिदी हसले. बाबाही दात काढून हसले.

आई तळलेल्या बांगड्यांचा तवा धरून उभी होती. "चुकला माझा," ती म्हणाली. काय चुकलं, हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात वादविवादाची बक्षिसं मिळवणारी. पण ती नोकरी मलाही हवी होती. मी साहेबांची थुंकलेली वाटी उचलली आणि विचारलं, "भात वाढू?"