चांदी माणूस ओळखते

सोलापूरच्या सराफ बाजारात गुरुबसप्पांचं चांदीचं दुकान होतं. माणूस वजनाला चोख, पण जिभेला हाड नाही. चांदी काळी पडल्याची तक्रार घेऊन कुणी आलं, की ते चष्म्यावरून बघत सावकाश म्हणायचे, "चांदीत खोट नाही. चांदी माणूस ओळखते. घरात नवं कोण आलंय का?" गिऱ्हाईक ओशाळून वस्तू पिशवीत घालायचं. आजवर कुणालाही माल बदलून द्यावा लागला नव्हता, आणि ही आपली पुण्याई आहे असं गुरुबसप्पांना मनापासून वाटायचं.

वळसंगच्या सुंदरम्मा काळवंडलेली समई घेऊन आल्या, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. सुंदरम्मांच्या घरात नवी म्हणजे सून, सुकन्या. त्या दिवसापासून तिला देवघरातल्या कशालाही हात लावू देईनात. हे कानावर आलं तेव्हा गुरुबसप्पा "जपलेलं बरं" म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

पुढं त्यांना दुकान नटवायची हौस आली. काचेची नवी कपाटं आली. काळ्यावर चांदी उठून दिसते म्हणून आत काळं जाड रबर अंथरलं. सगळा माल घासूनपुसून लखलखीत मांडला आणि घरचे सगळे अक्कलकोटला लग्नाला गेले. परत येऊन शटर वर केलं, तर ताटं पिवळट, पेले निळसर, आणि रबरावर टेकलेले करंडे तव्यासारखे काळे.

शेजारचे सराफ एकेक करून सांत्वनाला आले. सांत्वन करताना माणसं इतकी खुशीत असू शकतात, हे गुरुबसप्पांना ठाऊक नव्हतं. त्यातच सुंदरम्मा बाजाराला आलेल्या. त्या पायरीवर उभं राहून गरीब चेहऱ्यानं म्हणाल्या, "अण्णा, दुकानात नवं कोण आलंय का?"

नवा एक कारकून होता. गुरुबसप्पांनी त्याला दुपारीच घरी पाठवलं.

संध्याकाळी भाचा शिवराज आला. तो ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि जेवणाच्या पंगतीतही शिकवायचं थांबायचा नाही. त्यानं कपाटात डोकं घालून वास घेतला.

"मामा, रबर पक्कं करायला गंधक घालतात. त्यातून गंधकाचा वायू सुटतो. तुम्ही चांदी घासून वरचा थर काढलात, अगदी उघडी केलीत. वायूचे कण आधी तिच्यावर नुसते येऊन चिकटतात, मग चांदीशी जोडले जाऊन नवाच पदार्थ होतो. पातळ थर पिवळा दिसतो, जाड झाला की काळा."

"कपाट तर बंद होतं."

"म्हणूनच तर. वायू बाहेर जाणार कुठं?"

गुरुबसप्पांना पटेना. शिवराजनं दोन चमचे घासून दोन बरण्यांत ठेवले, एकीत रबराचा तुकडा टाकला. गुरुबसप्पा येता-जाता डोकावत राहिले. रबराशेजारचा चमचा आधी पिवळा पडला, मग तपकिरी. दुसरा तसाच चमकत होता. त्यांनी रबर काढून रस्त्यावर फेकलं आणि कारकुनाला निरोप धाडला. निरोपात 'ये' एवढंच होतं, चुकलं वगैरे काही नव्हतं.

"आता वळसंगला सुंदरम्मांनाही फोन करा," शिवराज म्हणाला; समईची गोष्ट त्याच्याही कानावर होती. त्यानं तो विषय सोडलाच नाही, तेव्हा गुरुबसप्पांनी नाइलाजानं नंबर फिरवला.

"सुंदरम्मा, समई ठेवली होती कशात?"

"लोकरीच्या शालीत गुंडाळून. लई मऊ हाय."

"लोकरीतही गंधक असतं म्हणे. त्यानं काळी पडली. सुनेचा काही दोष नाही, दोष शालीचा."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. गुरुबसप्पांना वाटलं, बाई रडतायत.

"व्हय की," सुंदरम्मा म्हणाल्या. "शाल तिच्याच माहेरची हाय."

गुरुबसप्पांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" शिवराजनं विचारलं.

"पटलं त्यांना," असं म्हणून ते करंडे घासायला बसले.