बारा टक्के ओल

कोरडा बोअर बघून आनंदाने टाळी वाजवणारा माणूस अख्ख्या बसवकल्याण तालुक्यात एकच होता, आणि तो माझ्याच नशिबी आला. लोक त्यांना ओलवाले साहेब म्हणत. धारवाडकडचे, सरकारी नोकरीतले, मराठी इथे येऊन शिकलेले. मी बोअर मारणारा. दुसऱ्याच्या मशीनवर राबून पुढे स्वतःचं मशीन घेतलेला. पाणी लागलं की लोक मला हार घालत. नाही लागलं की साहेबांची जीप धुरळा उडवत यायची, कारण दगडातली ओल मोजायला त्यांना कोरडंच भोक लागे. सुतकाच्या घरी कुणी पेढे घेऊन यावं, तसं वाटायचं.

जीपमधून लांब दोराला बांधलेलं एक नळकांडं निघे. ते भोकात सोडलं की पेटीवरची सुई हले आणि कितव्या फुटाला दगडात किती ओल आहे ते सांगे. माणूस म्हणजे निम्मं पाणीच, त्याने सुई बिघडते, असं म्हणून साहेब सगळ्यांना वीस पावलं मागे हटवत. एकदा तर त्यांनी एक गाभण म्हैस, तिच्यात दोघांचं पाणी आहे म्हणून, शिवारापार हाकलली होती. आणि दगड चाटायचे. चुरा जिभेला चिकटला की 'हा दगड ओल धरतो' म्हणत डोळे मिटून हसायचे. आमच्याकडे जेवायला आले, तर आमटीला हात लावण्याआधी आत जाऊन पाटा चाटून आले. बायको मला हळूच म्हणाली, "ह्यांना घरी कुणी वाढत न्हाई का?"

आता माझं दुखणं सांगतो. मुडबीला माझ्याच रानात मी बोअर मारला. दोनशे फूट गेलो, निघाली नुसती धूळ. बोअरवाल्याचाच बोअर कोरडा म्हटल्यावर पारावर लोक हसायला लागले, ठरलेली दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या मशीनकडे वळली. साहेबांनी कागदावर 'पाणी आहे' एवढं लिहिलं असतं, तर माझं नाव वाचलं असतं. म्हणून ते यायच्या आधी मी बसस्टँडजवळच्या आडाचं पाणी बैलगाडीने आणून दोन पिंपं भोकात ओतली.

नळकांडं तळाशी गेलं आणि सुई पार टोकाला जाऊन बसली. गाव माझ्याकडे आदराने बघू लागलं. साहेबांनी मात्र ओला दोर वर ओढला आणि सगळ्यांदेखत चाटला.

"अण्णा, हे बसस्टँडचा आड. वरून डांबराचा पिंप."

मग अरुंद डबा सोडून ते पाणी दुपारपर्यंत मलाच उपसायला लावलं, आणि पुन्हा मोजलं. म्हणाले, या दगडात बारीक भोकं आहेत, भोकांत ओल आहे, पण एका भोकातून दुसऱ्यात जायला वाट नाही. ओल बारा टक्के, पाणी शून्य.

"बारा कामून? पंधरा लिवा की," मी म्हणालो.

"बारा."

"बरं, तुमचं न्हाई, माझं न्हाई. तेरा."

"अण्णा, हा दगड आहे, बैल न्हाई."

आयुष्यात एवढ्या बाजारांत घासाघीस केली, पण असा रुपया न सोडणारा गडी भेटला नाही. त्यांनी बारा लिहिलं, वर मोठ्याने वाचलं. गावाने त्याच संध्याकाळी माझं नाव बाराअण्णा ठेवलं. ते आजही चालू आहे. मी पुढे कैक वर्षं साहेबांशी बोललो नाही. ते मात्र दर दिवाळीनंतर येत, तोच बोअर मोजत, माझ्या बायकोच्या हातचा चहा पीत आणि माझ्या पाठीकडे बघून "बाराच" म्हणून जात.

निवृत्त होऊन गावी गेल्यावर त्यांचं कार्ड येऊ लागलं. त्यात एकच ओळ: "अण्णा, ओल कशी आहे?" माझ्याकडे कुठलं नळकांडं? पण संधी सोडणारा मी नव्हे. पहिल्या वर्षी 'तेरा' लिहिलं. उत्तर आलं, "बरं वाटलं." पुढे चौदा, मग पंधरा. ज्यांनी लोकांदेखत मला एक टक्का सोडला नाही, त्यांनी कार्डावर कधी हुज्जत घातली नाही.

यंदा दिवाळी होऊन महिना झाला, कार्ड नाही. काल रानात गेलो, भोकावरची फरशी सरकवली. शेजारच्या ढिगातला चिमूटभर चुरा, कुणी बघत नाही असं पाहून, जिभेवर ठेवला. चिकटला.

बाराच असेल.